सत्कार पुरे, पाठराखे हवेत

जूनमध्ये शाळा उघडल्या, की आपल्या मंडळांना आणि ज्ञातिसंस्थांना सत्काराचे वेध लागतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या प्रती अमुक तारखेपर्यंत कार्यालयात आणून द्याव्यात, असे निवेदन फलकावर झळकते. खाली टक्केवारीची अट असते. पूर्वी ती साठ टक्के असे, पुढे पंचाहत्तर झाली, आता कोठे पंचाऐंशी तर कोठे नव्वद. मग एका रविवारी सायंकाळी सभागृह भरते, ईशस्तवन होते, प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळते, मुलांना गुलाबाचे फूल, प्रशस्तिपत्र आणि पाकीट मिळते. पाहुणे यशाची गुरुकिल्ली सांगतात, कार्यवाह आभार मानतात, बटाटेवडा व कॉफी घेऊन मंडळी घरोघर जातात, आणि तरुण पिढीप्रती असलेले समाजाचे कर्तव्य पुढील जूनपर्यंत पार पडलेले असते.

या समारंभांना आमचा विरोध आहे. तो आजवर खासगीत, वड्याची बशी हातात धरून, पुष्कळांनी व्यक्त केला; आम्ही तो या पानांवर उघडपणे मांडीत आहोत. ज्या मुलांचा सत्कार होतो त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. त्यांनी अभ्यास केला, त्यांना गुण मिळाले, आनंद आहे. आमची तक्रार आहे ती सभागृहात न आलेल्या मुलांच्या वतीने. गुजरात माध्यमिक शिक्षण मंडळाचा दहावीचा निकाल २०२३ साली ६४.६२ टक्के लागला. म्हणजे त्या वर्षी शंभरांतील पस्तीस मुले नापास झाली. पुढच्या वर्षी निकाल ८२.५६ टक्क्यांवर गेला, तरी शंभरांत सतरा उरलीच. या पस्तिसांत आणि सतरांत आपली आडनावे नव्हती, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय? ती होती. परंतु त्या मुलांसाठी आपल्या कोणत्याही मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळही नव्हती. ज्याच्याकडे सर्वांत अधिक लक्ष द्यायला हवे त्याला वगळून, ज्याचे आधीच कौतुक झालेले आहे त्याचे आणखी एकदा कौतुक करणे, यास आपण समाजकार्य म्हणत आलो.

आता थोडे आकडे. ते अप्रिय आहेत, पण त्यांना टाळून हा विषय बोलता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपविले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपले गुजरातही होते. तेरा ते सतरा या वयातील शंभरांपैकी सुमारे सात मुलांना मानसिक विकाराने गाठलेले आढळले. चाळीस-पन्नासांच्या वर्गात अशी तीनेक मुले बसलेली असतात. ती कोणती, हे वर्गशिक्षकाला माहीत नसते, आणि बहुतेक वेळा आईवडिलांनाही नसते.

आणि कोटा. बडोद्याहून दिल्लीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच ते शहर आहे. रात्री गाडीत बसविलेला मुलगा सकाळी तेथे उतरतो, इतके ते आपल्याला जवळ. आपल्या ओळखीतील एखादे तरी घर असे असेल, की ज्याने सोळा-सतरा वर्षांच्या पोराला तेथील एका खोलीत ठेवले आहे. २०२३ साली त्या शहरात पंचवीसहून अधिक विद्यार्थी आपल्या हाताने गेले. त्यावर प्रशासनाने काय केले? ऑगस्टमध्ये वसतिगृहांतील छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा आदेश काढला. आम्ही या उपायाची टवाळी करणार नाही. घातक साधन हाताशी नसले तर तो एक क्षण टळतो आणि क्षण टळला तर जीव वाचतो, हे शास्त्राने मान्य केलेले आहे. पण पंख्याला स्प्रिंग बसविल्यावर त्या खोलीतल्या मुलाशी संध्याकाळी बोलणार कोण, हा प्रश्न आदेशाच्या कक्षेत येत नव्हता. पुढे जानेवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने खासगी शिकवणी-संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे म्हटले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे; गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत; चारचौघांत त्यांची मानहानी करू नये.

या निकालाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. (गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, हे वाक्य आपल्या सत्कार समित्यांनी दोनदा वाचावे.) तथापि समुपदेशक नेमला की झाले, अशी जी निश्चिंतता आता पालकसभांतून दिसू लागली आहे, तिचा हिशेब मांडून पाहावा. दीड हजार मुलांची शाळा, एक समुपदेशक. शाळेचे दिवस दोनशे, आणि दिवसाचे पाच तास त्याने दुसरे काहीही न करता मुलांशीच बोलण्यात घालविले असे उदारपणे धरले, तर वर्षाचे एक हजार तास होतात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी चाळीस मिनिटे. त्यातही त्याची खोली बहुधा मुख्याध्यापकांच्या कार्यालयाला लागून. आत कोण गेले हे साऱ्या शाळेला दिसते. ‘जास्त बोललास तर समुपदेशकाकडे पाठवीन’ अशी धमकी शिक्षकांच्या तोंडून निघते, ती वेगळीच. आजारी मुलाला डॉक्टर लागतोच; त्याची जागा दुसरे कोणी घेऊ शकत नाही. परंतु घरात पाणी गाळून घेणारे, जेवणाची वेळ सांभाळणारे आणि कपाळाला हात लावून ताप पाहणारे कोणी नसेल, तर नुसत्या दवाखान्याने गाव निरोगी राहत नाही.

येथे आपल्या वडीलधाऱ्या वाचकांकडून येणारा एक युक्तिवाद आम्हांला आधीच ऐकू येतो. ‘आमच्या वेळी कोठे होते हे समुपदेशन? छडी खाल्ली, नापास झालो, वडिलांनी दोन दिवस बोलणे टाकले, आणि तरी आम्ही माणसात आलोच की!’ हा युक्तिवाद सभांत हमखास टाळ्या घेतो. त्यात सत्याचा अंश आहे, पण तो युक्तिवाद करणाऱ्यांना वाटतो त्या ठिकाणी नाही. प्रथम हे लक्षात घ्यावे, की जे माणसात आले तेच आज बोलायला उरले आहेत. जे शाळेतून पळाले, विहिरीच्या काठाने गेले, आयुष्यभर मुके राहिले, ते सभेत उठून बोलत नाहीत. दुसरे असे, की त्या काळच्या मुलाला छडीने नव्हे, छडी खाऊन आल्यावर ज्यांनी त्याच्याकडे पाहिले त्यांनी तारले.

आठवून पाहा. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, वाडीत ज्या वाड्यांतून आपली कुटुंबे राहत, तेथे एका मुलाला नावाने ओळखणारी मोठी माणसे किती असत? समोरच्या खोलीतील विधवा आत्या, जिन्याखाली राहणारे निवृत्त कारकून, मामाचा मित्र, देवळातले गुरव. जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या परंपरेतले उस्ताद होते. मल्लखांबावर पोराचा हात आज का घसरतो आहे, हे त्यांना न सांगता कळे. मध्यवर्ती ग्रंथालयात असा एखादा कर्मचारी असे, जो चार दिवस न दिसलेल्या मुलाला ‘कोठे होतास रे?’ असे विचारी. यांपैकी कोणीही समुपदेशनाचा अभ्यासक्रम केलेला नव्हता. यांपैकी कोणी आदर्शही नव्हते. काही तर चांगलेच खवट होते. पण घरात दार बंद झाले तर दुसरे एखादे दार उघडे असे. आजचा मुलगा सातव्या मजल्यावर राहतो. त्याला नावाने ओळखणारी मोठी माणसे मोजली तर आई, वडील आणि ट्यूशनचे सर. आणि या तिघांचाही त्याच्याशी होणारा संवाद एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो: किती पडले?

हे केवळ आमचे स्मरणरंजन नव्हे. हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. त्यांतील दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे व्यसन वा मनोविकार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले पुढे समर्थ, जबाबदार आणि प्रेमळ माणसे झाली. ती कशी तरली, याचा शोध घेतला तेव्हा जी कारणे हाती आली त्यांत एक असे होते, की मुलाला निःसंशय आपले मानणारे कोणी तरी मोठे माणूस त्याच्या आयुष्यात होते. आजी, शेजारीण, शिक्षक, कोणीही. आपल्या वाड्यांत जे अजाणता घडत होते त्याला या अभ्यासाने नाव दिले, इतकेच. वाडे गेले, ते आता परत येणार नाहीत, आणि त्यांतील शौचकूप व सोवळे-ओवळे आठवले तर ते यावेत असेही आम्हांला वाटत नाही. मात्र वाड्याने फुकट दिलेली ती माणसे आता जाणीवपूर्वक उभी करावी लागतील.

बडोद्यात राहून हा विषय मांडताना एक नाव टाळताच येणार नाही. सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली, याचा आपल्याला यथायोग्य अभिमान आहे. भाषणांतून आपण तो वारंवार बोलून दाखवितो. पण ती शिष्यवृत्ती मिळाली कशी, हे क्वचितच सांगितले जाते. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज एकटा पुस्तक वाचीत बसतो, हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाच्या ध्यानात आले. मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हता. केळुसकर विल्सन हायस्कुलात शिकवीत, मुलगा एल्फिन्स्टनमध्ये शिके. तो त्यांच्या जातीचा नव्हता. ज्यांची सावलीही समाज टाळी अशांपैकी होता. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे इंटरनंतर वडिलांचे हात टेकले, तेव्हा केळुसकरांनीच महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

कोणी चतुर वाचक म्हणेल, की ते बुद्धचरित्रही सत्कार सभेतच दिले गेले होते. होय, सत्यशोधक विचारांच्या पुढाऱ्यांनी त्या यशासाठी सभा भरविली होती आणि ते उचितच होते. परंतु त्या सभेपूर्वी बागेतल्या त्या सायंकाळी होत्या, आणि सभेनंतरही केळुसकर दिसेनासे झाले नाहीत. आपल्या सत्कारांना ना अगोदरची सायंकाळ असते, ना नंतरची.

कथेचा उरलेला भाग बडोदेकरांना तितकासा आवडत नाही, म्हणून तोही सांगितला पाहिजे. हाच तरुण अमेरिकेत व इंग्लंडमध्ये शिकून १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी याच गावात आला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिला, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, आणि कमाटी बागेत एका झाडाखाली बसून त्याने अश्रू गाळले. त्या वेळी या गावात आपल्या पूर्वजांची घरे होती, ओसऱ्या होत्या, शिकलेसवरलेले सरदार, मानकरी आणि अधिकारी होते. दरबाराच्या खजिन्यातून शिष्यवृत्ती निघू शकली. एक खोली निघाली नाही. धन देणे आणि सोबत देणे या दोन गोष्टींतील अंतर समजावून सांगायला याहून अधिक बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही, आणि ते आपल्याच गावचे आहे.

शब्दांचा प्रश्नही येथेच निकालात काढू. ‘मेंटर’ या शब्दासाठी मराठीत ‘मार्गदर्शक’ रूढ झाला आहे. परंतु दहावीच्या अपेक्षित प्रश्नसंचाच्या मुखपृष्ठावरही तोच शब्द असतो. ‘समुपदेशक’ हा शब्द तर अंगातच उपदेश घेऊन जन्माला आला आहे, आणि समुपदेशनशास्त्राचा पहिला धडा उपदेश करू नये हा आहे. आम्हांला त्यापेक्षा एक जुना घरगुती शब्द जवळचा वाटतो. नवी नवरी प्रथम सासरी जाई तेव्हा तिच्याबरोबर माहेरची एक पाठराखीण जात असे. बहुधा धाकटी बहीण, कधी आत्या, कधी मावशी. तिला त्या घरात कोणताही अधिकार नसे, नवरीला काही शिकविण्याचे काम तिच्याकडे नसे. परक्या घरात पहिले काही दिवस आपल्या बाजूचे एक माणूस जवळ असावे, एवढेच. नववीच्या वर्गात पाऊल टाकणारे मूल अशाच परक्या घरात शिरत असते. आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण आठवीला संपते; पुष्कळांची शाळा तेथे बदलते, काहींना माध्यमही बदलावे लागते. शिक्षणहक्काच्या कायद्याने २००९ साली मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांपासून जे छत्र दिले तेही चौदाव्या वर्षापर्यंतच. शरीर बदलते, आवाज फुटतो, चेहऱ्यावर मुरमे येतात, आणि नेमक्या त्याच वर्षी घरातले सारे जण बोर्डाच्या परीक्षेविषयी बोलू लागतात. येथे पाठराखा हवा.

त्याने करायचे काय? आमची अपेक्षा अगदी साधी आहे. आठवड्यातून एक तास एका मुलाला द्यायचा. शिकवायचे नाही, गुण विचारायचे नाहीत. सूरसागराला फेरी मारावी, कॅरम खेळावा, सायकलीचे पंक्चर काढावे, बाल्कनीत बसून शेंगा खाव्यात. मूल बोलले तर ऐकावे. न बोलले तर शेंगा खाव्यात. ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य त्या तासात वर्ज्य समजावे. हे ऐकायला सोपे वाटते. साठी ओलांडलेल्या मराठी माणसाला याहून कठीण व्रत दुसरे नाही.

आणि हा तास किमान एक वर्ष पाळला जावा. या अटीबाबत आम्ही तडजोड सुचविणार नाही. अमेरिकेत ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही संस्था विसाव्या शतकाच्या आरंभापासून असेच काम करीत आली आहे, आणि तिच्या कामाची काटेकोर पाहणीही झालेली आहे. त्या पाहणीतून निघालेला एक निष्कर्ष उत्साही मंडळींनी भिंतीवर लावून ठेवावा: ज्या जोड्या वर्षभर वा अधिक टिकल्या, त्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ झाला; ज्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या, त्यांतील मुलांचा आत्मविश्वास पूर्वीपेक्षाही खालावला. कारण उघड आहे. आपल्याला कोणी तरी निवडले आणि मग सोडून दिले, एवढेच त्या मुलाला कळते. तेव्हा ज्यांना दिवाळीनंतर अमेरिकेतल्या मुलाकडे सहा महिने राहायला जायचे आहे, त्यांनी नाव देऊ नये. सत्काराच्या खुर्च्या मांडायला त्यांची मदत घेता येईल.

धोके आहेत. ते लपविले तर आमचाच पक्ष दुबळा होईल. मोठ्या माणसाला मुलाच्या जवळ जाऊ देणे ही गोष्ट भाबडेपणाने करण्याची नाही. पांढरे केस आणि चांगले आडनाव ही सच्छीलतेची प्रमाणपत्रे नव्हेत, हे आपल्या समाजाने उघडपणे मान्य करायला हवे. भेट नेहमी इतरांना दिसेल अशा जागी व्हावी, बंद दाराआड कधीही नाही. आईवडिलांची लेखी संमती असावी. मुलींसाठी स्त्रिया असाव्यात. फोनवरचे रात्रीचे संदेश नसावेत. मुलाच्या बाबतीत लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळविणे बंधनकारक आहे. ‘घराण्याची अब्रू’ हा शब्द तेथे उच्चारायचाही नाही. मुलाने मरणाची भाषा काढली, तर ते गुपित राहत नाही. त्याला एकटे सोडायचे नाही, आईवडिलांना सांगायचे आणि त्याच दिवशी तज्ज्ञ गाठायचा. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, रात्रंदिवस. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहेच. पाठराखा तज्ज्ञाची जागा घेत नाही. तो मुलाला तज्ज्ञाच्या दारापर्यंत नेतो आणि बाहेर बाकावर बसून राहतो.

पाठराख्यांचीही पाठ कोणी तरी राखली पाहिजे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत गेले आणि तेथल्या वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे, हाताने लिहून रोजचे ‘छात्रालय’ दैनिक काढणे हे त्यांनी वर्षानुवर्षे केले. आपल्याकडील पाठराखणीचा तो परमोच्च नमुना. पण इतरांचे डोळे पुसणाऱ्या त्या माणसाचा १९५० साली कसा अंत झाला, हेही वाचक जाणतात. म्हणून हे काम कोणा एका संतवृत्तीच्या व्यक्तीवर सोपवू नये. महिन्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसावे, गावातल्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञास बोलवावे, मुलाचे नाव न घेता अडचणी मांडाव्यात. आपल्या विद्यापीठात मानसशास्त्राचा आणि समाजकार्याचा विभाग आहे. त्यांच्याकडे दोन दिवसांचे शिक्षण मागितले तर ते नाही म्हणणार नाहीत, अशी आमची समजूत आहे.

भाषेविषयी दोन शब्द, कारण हे पत्र शेवटी भाषेसाठी चालते. आपली मुले शाळेत इंग्रजी बोलतात, मैदानावर गुजराती, चित्रपटगृहात हिंदी. मराठी घरात उरली. आणि घरात ती कोणत्या कामासाठी उरली आहे, याचा विचार करावा. ‘उठ’, ‘आवर’, ‘किती पडले’, ‘शेजारच्या मुलाला बघ’. आज्ञा आणि तुलना यांचीच भाषा जर मराठी झाली, तर मूल ती टाकील, आणि त्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. २०१८ साली बडोद्यात अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले तेव्हा बृहन्महाराष्ट्रातील मराठीच्या भवितव्याची चर्चा झालीच. पंधरा वर्षांच्या मुलाला ‘मला भीती वाटते’ हे वाक्य मराठीत म्हणता येईल अशी एक जागा आपण निर्माण केली, तर त्या चर्चेचे थोडे तरी सार्थक होईल. ‘मला भीती वाटते’ हे इंग्रजीतून सांगणारी मुले आहेत. परंतु ते ऐकणाऱ्या आजीला कळत नाही, आणि समुपदेशकाला कळते ते चाळीस मिनिटांपुरते.

राहता राहिला हा आक्षेप, की मुलांनाच आपण नको आहोत. ती फोनमध्ये डोके खुपसून बसतात. बसतात. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला तेवीस लाखांवर मुले बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. वीसातल्या एकोणीस मुलांना ज्या वाटेवर जागाच नाही, त्या वाटेने त्यांना सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत हाकणारे आपण. आणि त्यांनी फोनमध्ये डोके खुपसले म्हणून आश्चर्य करणारेही आपणच. त्या फोनमध्ये निदान गुण विचारणारे कोणी नसते.

आमच्या ठरावाचा मसुदा कार्यवाहांकडे दिलेला आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. यंदाचा गुणगौरव समारंभ करू नये. त्यासाठी राखून ठेवलेली रक्कम पाठराख्यांच्या शिक्षणासाठी वापरावी. आठवी ते दहावीत शिकणाऱ्या मुलांची यादी करावी, तिला टक्केवारीची अट नसावी, आणि ती केवळ सभासदांच्या घरांपुरती नसावी. खानदेशातून कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांची मुले आपल्याच गल्ल्यांत राहतात, आपल्याच घरी त्यांच्या आया काम करतात, आणि त्यांची मराठी आपल्या नातवंडांपेक्षा चांगली आहे. ठरावाला विरोध होणार हे आम्ही धरूनच चाललो आहोत. तो लेखी आल्यास पुढील अंकात जसाच्या तसा छापावा, अशी संपादकांना विनंती आहे. ज्यांना सभेत बोलायचे असेल त्यांनी अवश्य यावे. मात्र येताना आपापल्या इमारतीत नववीत शिकणाऱ्या मुलामुलींची नावे एका कागदावर लिहून आणावीत. टक्के लिहू नयेत, नुसती नावे.